प्रतिपालक कुटुंब होताना : नवख्यांसाठी आणि त्यांना साथ देणाऱ्यांसाठी

आईवडील हयात असूनही ज्यांना काही काळ त्यांच्याजवळ राहता येत नाही, किंवा वय वाढल्यामुळे दत्तक घेऊ इच्छिणारे ज्यांच्याकडे फारसे वळत नाहीत, अशी मुले आपल्याकडे बहुधा बालगृहात पोहोचतात आणि बरेचदा तिथेच अठरा वर्षांची होतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ ने त्यांच्यासाठी दुसरी वाट आखली आहे. बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या, आदेशाने असे मूल पारखून घेतलेल्या एखाद्या कुटुंबात काही महिने किंवा काही वर्षे राहते, तिथून शाळेत जाते, त्या घराच्या सवयी उचलते, आणि तरीही जन्मदात्यांशी असलेले त्याचे नाते कायद्याने तुटत नाही. सरकारी कागदपत्रांत याला प्रतिपालकत्व म्हणतात; संस्थांत आणि कार्यालयांत मात्र सर्रास फॉस्टर केअर हाच शब्द चालतो.

महाराष्ट्रातील ज्या कुटुंबांच्या मनात हा विचार नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ते त्यांच्या भावंडांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि मुलाच्या वर्गशिक्षकांसाठीही आहे, कारण माझ्या मते प्रतिपालकत्व अर्ध्यावर मोडते ते मुलाच्या वागण्यामुळे कमी आणि कुटुंब एकटे पडल्यामुळे जास्त.

पायरी १ : आपण नेमके काय स्वीकारत आहोत ते समजून घ्यावे

दत्तकविधानानंतर मूल सर्व हक्कांसह कायमचे त्या कुटुंबाचे होते. प्रतिपालकत्वात तसे होत नाही. मुलाचे आडनाव बदलत नाही, त्याला तुमच्या मालमत्तेत वारसाहक्क मिळत नाही, आणि त्याच्या आयुष्याबद्दलचे मोठे निर्णय समितीच्याच हाती राहतात. रोजचे शिक्षण, आहार, आरोग्य आणि एकूण भले पाहण्याची जबाबदारी मात्र कायद्याने तुमच्यावर येते. ही मुदत एक वर्षापर्यंतची असेल तर ती अल्प मुदत मानली जाते, त्यापुढची दीर्घ मुदत. दोन्हींत समिती वेळोवेळी आढावा घेते. पाळणा हलावा म्हणून सुचवलेला जवळचा मार्ग अशा समजुतीने जे या व्यवस्थेकडे येतात, त्यांनी इथेच थांबून दत्तक प्रक्रियेची माहिती घेणे सर्वांच्या हिताचे ठरेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक कुटुंबाला पूर्वीच्या पाच वर्षांऐवजी दोन वर्षांच्या सहवासानंतर त्या मुलाला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो, हे खरे आहे. पण त्यासाठी मूल कायद्याने दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक देण्यास मोकळे ठरवलेले, असावे लागते आणि प्रतिपालकत्वातील अनेक मुले तशी नसतात.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ हमखास होतो. राज्यात १९७५ पासून बालसंगोपन योजना चालू आहे आणि आता ती क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. या योजनेची कल्पना मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढवण्याचीच आहे, परंतु प्रत्यक्षात तिचे बहुतेक लाभार्थी विधवा आईजवळ, आजीआजोबांकडे किंवा काकामामांकडे राहणारी मुले असतात. ती मदत आवश्यकच आहे, आणि आजीच्या घरात वाढणाऱ्या मुलाचे प्रश्न पुढे सांगितलेल्या प्रश्नांहून फार वेगळे नसतात. तरीही अनोळखी कुटुंबाने अनोळखी मूल घरी आणणे हे वेगळे काम आहे, आणि कार्यालयात चौकशी करताना ‘आम्हाला प्रतिपालकत्वासाठी अर्ज करायचा आहे’ असे स्पष्ट सांगितले नाही तर चुकीचा अर्ज हातात पडण्याची शक्यता असते. तिसरी गोष्ट प्रायोजकत्वाची. मूल स्वतःच्याच घरी राहते आणि ते संस्थेत जाऊ नये म्हणून घराला पैशांचा आधार दिला जातो. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत ही रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० तर इतरत्र ९६,००० रुपये आहे. केवळ गरिबीमुळे एखादे मूल आईपासून दूर जात असेल, तर त्याला प्रतिपालक शोधण्याआधी त्याच्या आईला हा आधार मिळवून देणे हेच योग्य काम आहे.

ही मुले कोण असतात, हेही आधी समजलेले बरे. आई दीर्घकाळ मनोरुग्णालयात असते, वडील व्यसनात बुडालेले असतात, किंवा पालक तुरुंगात असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते. त्यानंतर घेणारे नातेवाईक नसतील तर त्याला कुठेतरी जावेच लागते. काही मुलांच्या बाबतीत समितीने पालकांना सांभाळ करण्यास अयोग्य ठरवलेले असते. यांतील जवळजवळ कोणीही तान्हे नसते. २०२४ च्या तत्त्वांचा रोखच बालगृहातील सहा वर्षांवरील मुलांकडे आहे, म्हणजे ज्यांना आपले पूर्वीचे घर नीट आठवते अशा मुलांकडे.

पायरी २ : घरातल्या घरात बोलून घ्यावे

पात्रतेचा भाग थोडक्यात असा आहे. विवाहित जोडप्याचे किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन अपेक्षित असते. अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तीलाही आता अर्ज करता येतो. त्यासाठी वय ३५ ते ६० असावे लागते, आणि एकट्या पुरुषाकडे केवळ मुलगाच सोपवला जातो. जोडप्यांसाठी एकत्रित वयाचे निकष आहेत. ते आणि राज्याने केलेले बदल अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावेत.

खरा विचार निकषांपलीकडचा आहे. घरात सासूसासरे असतील तर त्यांचा होकार हा निव्वळ ‘तुमची इच्छा’ या स्वरूपाचा नसावा, कारण दुपारी तुम्ही कामावर असताना मूल त्यांच्याच समोर असणार आहे. त्यांना मुलाची जात विचारावीशी वाटणार आहे का, वेगळे भांडे ठेवावेसे वाटणार आहे का, हे प्रश्न अवघड असले तरी मूल येण्याआधीच बोलले गेले पाहिजेत. स्वतःची मुले असतील तर त्यांना ‘तुला ताई मिळणार’ असे गोड चित्र दाखवू नये. खोली, खेळणी आणि आईचा वेळ वाटून घ्यावा लागेल, येणारे मूल काही दिवस बोलणारही नाही आणि कदाचित एक दिवस परतही जाईल, हे त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावे. घरात नुकताच मृत्यू, मोठे आजारपण किंवा गर्भपात झाला असेल, तर काही काळ थांबलेले चांगले. दुःखावर उतारा म्हणून आलेल्या मुलावर फार मोठे ओझे पडते.

पायरी ३ : अर्ज आणि गृहभेट

अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या केअरिंग्ज पोर्टलवरून करता येतो, आणि प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे लागते. ओळखीचा व निवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी हे कागद साधारणपणे मागितले जातात. कायदा कुटुंबाची क्षमता, हेतू, कुवत आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहण्यास सांगतो. म्हणून कक्षातील सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, घरातील प्रत्येकाशी बोलतो आणि अहवाल तयार करतो.

या भेटीसाठी घराला रंग देण्याची गरज नाही. कार्यकर्त्याला पाहायचे असते की मुलाला झोपायला स्वतःची जागा आहे का, स्वच्छतागृह सुरक्षित आहे का, घरात मारझोड किंवा व्यसन आहे का, आणि प्रश्नांची उत्तरे पतीपत्नी दोघेही देतात की एकच जण बोलत राहतो. कर्ज, आजार किंवा पूर्वीचा घटस्फोट यांसारखी माहिती लपवू नये, कारण ती नंतर उघडी पडली तर अर्ज फेटाळला जाण्यापेक्षा वाईट गोष्ट घडू शकते. घरात रुळलेले मूल तिथून हलवावे लागते.

एक सावधगिरी ठळकपणे सांगितली पाहिजे. रुग्णालयातून, मंदिराच्या ट्रस्टमधून किंवा ‘ओळखीच्या बाईं’मार्फत मूल परस्पर मिळवून देणाऱ्या कोणालाही दारात उभे करू नये. मुलाची खरेदीविक्री हा बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे, आणि समितीचा लेखी आदेश हातात नसलेला कोणताही ताबा कायदेशीर नसतो.

पायरी ४ : मूल येण्याआधी विचारायचे प्रश्न

मूल ठरले की कार्यालयाकडून फाइलमधली माहिती मागण्यास संकोच करू नये. मुलाचे आईवडील कुठे आहेत आणि भेटीबाबत समितीचा आदेश काय आहे, भावंडे आहेत का आणि कुठे आहेत, कोणत्या लसी आणि आजार झाले आहेत, औषधे चालू आहेत का, शाळा कितवीपर्यंत झाली, घरची भाषा कोणती, काय खाते आणि काय खात नाही, झोपताना काय लागते, कशाला घाबरते, हे सर्व विचारावे. भावंडांना शक्य तोवर एकत्र ठेवावे असे कायदा सांगतो. तरीही ती वेगळी झाली असतील तर त्यांच्या भेटी कशा होणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. नंदुरबारच्या डोंगरातून आलेल्या मुलाला पावरी किंवा भिली येत असेल आणि मराठी तुटक येत असेल, तर ते मंद आहे असा समज घरात आणि शाळेत दोन्हीकडे होऊ शकतो.

शक्य असेल तर मूल घरी येण्यापूर्वी बालगृहात जाऊन त्याला भेटावे, मग एखादी दुपार बाहेर, मग एखादी रात्र घरी, अशा टप्प्यांनी ओळख वाढवावी. मुलाचे म्हणणे समितीने ऐकून घेतले आहे ना, याची खात्री करावी. मोठ्या मुलाची इच्छा नसताना त्याला चांगल्या घरात नेले तरी ते तिथे टिकत नाही.

पायरी ५ : पहिले काही आठवडे

मूल येईल त्या दिवशी घरात सोहळा करू नये. औक्षण, नवे कपडे, वाटेत उभे असलेले वीस नातेवाईक आणि मोबाइलचे कॅमेरे यांमुळे यजमानांना आनंद होतो. मुलाला मात्र कोणाच्या पाया पडायचे हेदेखील कळत नाही. घरातली माणसे, साधे जेवण आणि घराची ओळख एवढे पुरे आहे. दिवा कुठे लागतो, रात्री तहान लागली तर पाणी कुठे आहे, न्हाणीघराची कडी कशी लागते, हे दाखवावे. बालगृहात वर्षे काढलेल्या मुलाला स्वयंपाकघरात हात लावायची परवानगी आहे हेच माहीत नसते.

त्याच्याबरोबर आलेली पिशवी त्याची आहे. तिच्यातला विटका फ्रॉक, तुटकी गाडी किंवा वास येणारी चादर फेकू नये, आणि त्याला विचारल्याशिवाय धुऊही नये. कधीकधी तो वासच त्याच्याजवळ उरलेली घराची एकमेव खूण असते. केस कापणे, टोचलेल्या कानांत नवे डूल घालणे, नाव बदलून ‘शोभेल असे’ ठेवणे, या गोष्टी तर अजिबात करू नयेत. तुम्हाला काय म्हणायचे ते त्याला ठरवू द्यावे. काका-काकू किंवा मावशी पुरेसे असते. ज्याची आई जिवंत आहे, त्या मुलाच्या तोंडून ‘आई’ म्हणवून घेण्याची घाई केली तर त्याला एका आईशी बेइमानी केल्यासारखे वाटते.

सुरुवातीचे काही दिवस मूल आश्चर्य वाटेल इतके शहाण्यासारखे वागते. सांगितलेले ऐकते, मागत काही नाही, ताट स्वतः धुते. हा शांतपणा म्हणजे रुळणे नव्हे. थोडा विश्वास बसला की बहुधा खरा भाग सुरू होतो. उशीखाली चपातीचे तुकडे सापडतात, अंथरूण ओले होते, निरर्थक खोटे बोलले जाते, लहानशा नकारावर वस्तू फेकल्या जातात, आणि जो सर्वांत जास्त माया करतो त्याच्याशीच सर्वांत जास्त भांडण होते. ज्याने भूक पाहिली आहे ते मूल अन्न लपवते. त्यावर रागावण्याऐवजी त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवून त्यात शेंगदाणे, चुरमुरे, केळी नेहमी भरलेली असतील असे पाहावे, म्हणजे काही काळाने लपवणे आपोआप कमी होते. अंथरूण ओले करण्याबद्दल घरात कोणीही, गमतीनेसुद्धा, उच्चार करू नये. खाली मेणकापड घालावे, जास्तीची चादर जवळ ठेवावी, आणि दीर्घकाळ चालले तर डॉक्टरांना दाखवावे.

मारणे कधीही नाही. हे निव्वळ मायेपोटी सांगत नाही; ताब्यातील मुलाला मारहाण करणे, छळणे, त्याच्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खालील गुन्हा आहे. उपाशी ठेवणे, कोंडणे, ‘परत पाठवू’ ही धमकी देणे यांचा परिणाम मारण्याहून वेगळा होत नाही. शेवटची धमकी तर सर्वांत वाईट, कारण त्या मुलाच्या बाबतीत ती खरी ठरू शकते हे त्याला तुमच्याइतकेच माहीत असते. स्पर्शाबाबतही सावध राहावे: जवळ घेण्यापूर्वी विचारावे, आंघोळ आणि कपडे बदलणे याबाबत मुलाचा खासगीपणा जपावा. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर उलटतपासणी न घेता ऐकावे, ते ज्या शब्दांत बोलले त्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ही माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवण्याचे बंधन घातले आहे. ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला आधी देऊन बसू नये.

पायरी ६ : शाळा आणि दवाखाना

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला हाती नसल्याने प्रवेश अडू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला उशिरा येणे किंवा वयाचा पुरावा नसणे ही प्रवेश नाकारण्याची कारणे ठरत नाहीत. मुख्याध्यापकांकडे समितीच्या आदेशाची प्रत द्यावी, परंतु मुलाची पार्श्वभूमी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापलीकडे जाऊ नये असे स्पष्ट सांगावे. प्रवेश अर्जावर नावे मुलाच्या जन्मदात्या आईवडिलांचीच लिहावीत. तुमचे नाव पालक म्हणून येते.

आरोग्य तपासणी पहिल्या महिन्यातच करावी. दात, डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि राहिलेल्या लसी यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलाला शाळेत आळशी ठरवले जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळांत होणारी तपासणी आणि जिल्हा रुग्णालयातील पुढील उपचार मोफत असतात. मोठी शस्त्रक्रिया ठरत असेल तर समितीला विचारावे. जीव धोक्यात असेल तर उपचार थांबवू नयेत आणि कक्षाला लगेच कळवावे. मुलाच्या किंवा स्वतःच्या मनावरचा ताण वाढला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पायरी ७ : जन्मदात्यांच्या भेटी

नव्या कुटुंबांना सर्वांत जड जाणारा भाग हाच आहे. पालकांना अयोग्य किंवा असमर्थ ठरवल्यामुळे मूल तुमच्याकडे आले असले, तरी त्याला ठराविक काळाने भेटण्याची त्यांना मुभा असते. भेट मुलाच्या हिताची नाही असे वाटल्यास समिती कारणे नोंदवून ती नाकारते. ते पुन्हा सांभाळ करण्यास योग्य आहेत असे समितीला वाटले, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. म्हणजे तुमच्या घरातली आठ-दहा महिन्यांची घडी बसलेली असताना, दारू सुटलेली किंवा सुटल्यासारखी वाटणारी एखादी आई कार्यालयात खुर्चीवर बसून मुलाच्या केसांवरून हात फिरवते, आणि मूल तुमच्याकडे न पाहता तिच्या कुशीत शिरते. याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. ते मुलाला दिसू देऊ नये, एवढेच.

भेटीपूर्वी मुलाला कधी, कुठे आणि किती वेळ हे सांगावे, आणि ‘कदाचित त्यांना येता येणार नाही’ हेही सांगून ठेवावे, कारण पालक न येणे हे वारंवार घडते. भेट कार्यालयात किंवा कार्यकर्त्याने ठरवलेल्या जागी व्हावी. स्वतःचा पत्ता परस्पर देऊ नये. जन्मदात्या आईबद्दल मुलासमोर वाईट बोलू नये, तसेच तिच्या बाजूने खोटी वकिलीही करू नये. ‘आई आजारी आहे, तिला आत्ता तुला सांभाळता येत नाही, यात तुझी चूक नाही’ इतके सत्य सहा वर्षांच्या मुलालाही समजते. भेटीनंतरचे दोन-तीन दिवस चिडचिड, रडणे, पुन्हा अंथरूण ओले होणे असे जाऊ शकतात. त्या दिवशी गृहपाठ सोडून द्यावा, आवडीचे जेवण करावे, आणि या वागण्यावरून भेटी बंद करण्याची मागणी लगेच करू नये. मात्र भेटीत मारण्याची धमकी, पैशांची मागणी किंवा नशेत येणे असे काही घडले, तर तारखेसह लेखी कळवावे.

सणांना विशेष जपावे. भाऊबीजेला बहीण दुसऱ्या बालगृहात असलेल्या मुलाला तुमच्या मुलीकडून ओवाळून घेताना काय वाटेल, याचा विचार आधी केला तर त्याच दिवशी कार्यकर्त्याकरवी त्या बहिणीशी फोनवर बोलणे घडवून आणता येते. वाढदिवसाची तारीख अनेकांना माहीतच नसते. कागदावरची १ जून ही शाळेने घातलेली असते. तोच दिवस साजरा करावा की दुसरा निवडावा, हे मुलाने ठरवावे.

पायरी ८ : भोवतालच्यांनी काय करावे, काय टाळावे

इथून पुढचे नातेवाईक, शेजारी आणि शिक्षकांसाठी आहे. ‘कुठून आणले?’, ‘कोणाचे आहे?’, ‘आईबाप कशाने गेले?’ हे प्रश्न विचारू नयेत. मुलासमोर तर नाहीच. ‘किती मोठे पुण्य करताय’ हेही बोलू नये, कारण ते ऐकणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या तरी पुण्याचे साधन आहोत एवढेच कळते. ‘जास्त जीव लावू नका, जाणारच आहे’ हा सल्ला मायेने दिला जातो, पण तो पाळणाऱ्या घरात मूल वाढू शकत नाही.

मदत करायची असेल तर ती नेमकी असावी. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याने कोणाचेच काम हलके होत नाही. समितीच्या सुनावणीच्या दिवशी त्यांच्या धाकट्याला शाळेतून आणतो, दर शनिवारी रात्री भाजी आणि भाकरी पाठवतो, महिन्यातून एक रविवार दोन्ही मुलांना आमच्याकडे ठेवतो, असे ठरवून सांगावे आणि पाळावे. मूल रात्रभर दुसऱ्या घरी राहणार असेल तर प्रतिपालकांनी कक्षाला आधी विचारावे. वापरलेले कपडे द्यायचे असतील तर ते फाटके किंवा डागाळलेले नसावेत आणि घरातल्या दुसऱ्या मुलासमोर देऊ नयेत. आजीने नातवंडांना दिवाळीत शंभर रुपये दिले तर या मुलालाही शंभरच द्यावेत. पन्नास नाहीत आणि दोनशेही नाहीत.

फोटोंबाबत कायदा कडक आहे. अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली असून सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलेला फोटो तिथेच राहील असे समजू नये. सोसायटीच्या गणेशोत्सवातील नाच, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ, नगरसेवकाच्या हस्ते दप्तर वाटप, या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कॅमेरा काढतो, तेव्हा आयोजकांशी आधीच बोलून ठेवावे. मुलाला कार्यक्रमातून वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिक्षकांना दोन विनंत्या. ‘माझे कुटुंब’ हा निबंध किंवा वंशवृक्षाचा उपक्रम देताना ‘तुझ्या घरात आत्ता कोण कोण राहते’ असा पर्याय द्यावा. वर्गात काही हरवले की नजर आधी या मुलाकडे वळते, याचे भान ठेवावे.

पायरी ९ : पैसे, नोंदी आणि तक्रारी

प्रतिपालक कुटुंबाला सरकारकडून मिळणारे अनुदान मुलासाठी असते आणि ते वेळेवर येईलच असे धरून घरखर्च आखू नये. कुटुंबाच्या स्वतःच्या उत्पन्नात मूल वाढवता येत असेल तरच या वाटेला जावे. एक वही ठेवावी: शाळेच्या भेटी, आजार, जन्मदात्यांच्या भेटी, मुलाचे महत्त्वाचे बोलणे, तारखेसह. समितीकडून दर महिन्याला पाहणी व्हावी असे कायदा सांगतो, आणि त्या वेळी ही वही कामी येते. पाहणीला आलेल्याने मुलाशी एकट्याने बोलायचे असते. त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर जावे, आणि नंतर ‘काय विचारले?’ असे खोदून विचारू नये.

कार्यकर्ता महिनोन्महिने फिरकत नसेल, तर ते आपल्यावरील विश्वासाचे लक्षण मानू नये. लेखी अर्ज देऊन भेट मागावी आणि पोचपावती घ्यावी. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे अशी तरतूद असल्याने तिच्यापुढे थेट जाता येते. तातडीच्या प्रसंगी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे.

तुमच्याने पुढे निभणार नाही असे वाटू लागले, तर ते शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवू नये. आठवडाभराची उसंत, समुपदेशन किंवा दुसऱ्या प्रतिपालकाशी बोलणे एवढ्यानेही पुष्कळदा घडी सावरते. सावरलीच नाही, तर मुलाला दुसरीकडे जाण्यासाठी तयार करायला वेळ हाती असावा. शाळेतून आलेल्या मुलाला दारात बांधलेली पिशवी दाखवणे हा त्याच्यावर झालेल्या पहिल्या अन्यायाइतकाच मोठा अन्याय ठरेल.

पायरी १० : निरोप आणि अठरा वर्षांनंतर

मूल परत जाणार असे ठरले की तारीख मुलापासून लपवू नये. त्याचे कपडे, पुस्तके, खेळणी, सायकल घेतलेली असेल तर सायकलही, सर्व त्याच्याबरोबर जावे. ती त्याची आहेत. लसीकरणाचे कार्ड, प्रगतिपुस्तके, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि दवाखान्याचे कागद एका फाइलमध्ये लावून द्यावेत. एक पानभर चिठ्ठी त्याच्या आईसाठी लिहावी: किती वाजता झोपतो, कोणती भाजी खातो, कशाने शांत होतो. पुढे फोनवर बोलण्याची परवानगी समितीकडे मागावी, कारण तुम्ही एकाएकी नाहीसे झालात तर त्याच्यासाठी तो आणखी एक तुटलेला धागा असतो. घरातल्या स्वतःच्या मुलांनाही त्या आठवड्यात शाळेत लक्ष लागणार नाही, हे त्यांच्या शिक्षकांना कळवावे.

जी मुले परत जात नाहीत, ती तुमच्याकडेच अठरा वर्षांची होतात. त्या दिवशी आदेश संपतो, मुलाची गरज संपत नाही. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ अन्वये अनुरक्षणाची, म्हणजे अठरा वर्षांनंतरच्या आधाराची, तरतूद असून ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते; तुमच्याकडील मुलाला ती मिळेल का, हे कक्षाला विचारावे. त्यासाठीचा अर्ज सोळा-सतरा वर्षांचे असतानाच बोलून ठेवावा. आईवडील दोघेही हयात नसलेल्या मुलांनी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढून घ्यावे. राज्याने २०१८ पासून शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले आहे, आणि अकरावी-बारावीच्या प्रवेशाच्या धावपळीत हे प्रमाणपत्र ऐन वेळी मिळत नाही. मतदार नोंदणी, स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे याच वर्षांत मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हाताने करून घ्यावीत.